कारगिलहून आलेल्या वडिलांना आता, इतक्या वर्षांनी त्रास का होतोय?

प्रश्न थोडक्यात असा: "माझे वडील तोफखान्यात होते. १९९९ मध्ये त्यांची रेजिमेंट द्रासला होती. २००४ ला हवालदार म्हणून पेन्शनवर आले, मग बँकेत गार्ड म्हणून लागले. मागच्या वर्षी ती नोकरी संपली आणि तेव्हापासून अण्णा बदललेत. रात्री झोपत नाहीत, घराभोवती फेऱ्या मारतात, कडी पुन्हापुन्हा तपासतात. दिवाळीत एकटेच सिन्नरकडच्या शेतावर जाऊन राहिले. नातवाने फुगा फोडला तर त्याच्यावर हात उगारला आणि नंतर दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. मिलिटरी कॅन्टीनच्या कोट्यातली रम रोज लागते. एका डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली आहे, तीही चालू आहे. आई म्हणते, बाहेरचं काहीतरी आहे. अण्णा म्हणतात, मला वेड लागलेलं नाही. लढाईचा त्रास पंचवीस वर्षांनी होतो का? त्यांना बोलतं करावं का? दवाखान्यात नेलं तर पेन्शनला काही होईल का?"

ताई, होतो. पंचवीस वर्षांनी होतो, चाळीस वर्षांनीही होतो. अण्णांना न बघता मी निदान सांगणार नाही. पण तुम्ही लिहिलंय ते सगळं एकत्र ठेवलं तर आघातानंतरचा ताणविकार, म्हणजे पीटीएसडी, माझ्या मनात सगळ्यात आधी येतो. सोबत नैराश्य असण्याची शक्यताही बरीच आहे. दोन्हींवर उपचार आहेत आणि साठीच्या आसपासच्या माणसालाही ते लागू पडतात. हे आधी सांगतोय, कारण बऱ्याच घरांत "आता या वयात काय बदलणार" असं म्हणून विषय तिथेच सोडला जातो.

आता का, हे समजून घ्या. नाशिकमध्ये मी ज्या माजी सैनिकांना बघतो, त्यांच्यातले बरेचजण पलटणीतून आल्या आल्या आजारी पडलेले नसतात. पेन्शन येते, सातपूर-अंबडच्या कंपनीत किंवा बँकेत गार्डची नोकरी लागते, गणवेश असतो, हजेरी असते, रात्रपाळी असते. रात्री जागं राहणं हे तिथे कामच असतं, त्यामुळे झोप येत नाही हे कोणाच्या लक्षातच येत नाही. दाराकडे तोंड करून बसणं, येणाऱ्याजाणाऱ्याचे हात बघणं, यासाठी तर पगार मिळतो. नोकरी सुटली की तेच वागणं घरात उघडं पडतं. मनाला गुंतवून ठेवणारं काही राहत नाही आणि दाबून ठेवलेलं वर येतं. कधी निमित्त जुन्या सोबत्याच्या निधनाचं असतं, कधी स्वतःच्या बायपासचं, कधी टीव्हीवरच्या सीमेवरच्या बातम्यांचं.

अमेरिकेत व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांची चाळीस वर्षांनंतर पाहणी झाली आणि २०१५ मध्ये तिचे निष्कर्ष आले. तेव्हाही सुमारे २,७१,००० माजी सैनिकांमध्ये हा विकार पूर्ण किंवा अंशतः शिल्लक असल्याचा अंदाज निघाला. पूर्ण विकार असलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त जणांना जोडीला नैराश्य होतं. तेव्हा अण्णांच्या बाबतीत काहीतरी विचित्र घडतंय असं मानू नका. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" असं जुने फौजी म्हणतात, तेव्हा मी त्यांना सांगतो की हे नाव अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या यादीत १९८० साली आलं, पण पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्येच, तोफगोळ्यांच्या माऱ्याखालून आलेल्या सैनिकांची अशीच लक्षणं डॉक्टरांनी नोंदवून ठेवली होती. त्रास होता, त्याला नाव नव्हतं.

घरचे लोक आणखी एक गोष्ट म्हणतात: "ते तर तोफेवर होते, समोरासमोर थोडेच लढले?" हा समज काढून टाका. १९९९ मध्ये द्रासच्या पट्ट्यात आपल्या तोफा महामार्गाच्या आसपास मांडलेल्या होत्या आणि वरच्या शिखरांवरून शत्रूला तो रस्ता दिसत होता. आपण गोळा टाकायचा आणि समोरून येणारा मारा झेलायचा, असं दिवसेंदिवस चाललं. शिवाय तोफखान्याचे ओपी पार्टीतले, म्हणजे पुढून निशाणा बघून तोफांना कळवणारे, जवान पायदळाबरोबर वर चढले होते. अण्णा नेमके कुठे होते हे तुम्हाला माहीत नसेल. ड्रायव्हर, नर्सिंग असिस्टंट, खाली आणलेले मृतदेह उचलणारे, यांच्या वाट्याला जे आलं त्याला कोणी लढाई म्हणत नाही, पण त्यातून हा विकार होतोच. काहींना भीतीपेक्षा अपराधीपणा जास्त खातो. "माझी ड्यूटी होती, बदलीवर तो गेला आणि तोच गेला." अशा माणसाला "तुम्ही शूर आहात" म्हटलेलं सहन होत नाही, सत्काराला बोलावलं तर तो जात नाही.

लक्षणं मी कशी वाचतो ते सांगतो. पहिलं, जुना प्रसंग परत येणं: स्वप्नात, किंवा जागेपणी एखाद्या वासाने वा आवाजाने. दुसरं, टाळणं: लग्न, मिरवणूक, गर्दी, पलटणीतल्या लोकांचे फोन. तिसरं, शरीर सतत सावध असणं: दचकणं, चिडणं, झोप उडणं, पुन्हापुन्हा कडी बघणं. चौथं, मन बधिर होणं. हे चौथं घरच्यांना सगळ्यात जास्त लागतं, कारण ते प्रेम आटल्यासारखं दिसतं. नातू मांडीवर आला तरी चेहऱ्यावर काही उमटत नाही. असं महिन्याहून जास्त चाललं आणि जगणं अडलं, तर ते आजारपण समजायचं. अण्णांची अवस्था म्हणजे पहाऱ्यावर उभा केलेला जवान, ज्याला रिलीव्ह करायला कोणी आलंच नाही. फुगा फुटला तेव्हा हात आधी उठला, नातू आहे हे नंतर कळलं. पुढचं दोन दिवसांचं मौन हे रागाचं नसून शरमेचं असण्याचीच शक्यता मला जास्त वाटते.

नैराश्य फौजी माणसात रडण्याच्या रूपाने क्वचितच दिसतं. ते चिडचिड, कंबरदुखी, अपचन, पहाटे तीनला उघडणारे डोळे, "मला काही नको" या शब्दांत दिसतं. चिंता छातीतून बोलते. माझ्याकडे येण्याआधी कितीतरी जणांचे ईसीजी, टूडी इको, एंडोस्कोपी झालेले असतात आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल असतात. त्या तपासण्या चुकीच्या नाहीत. अण्णांच्याही साखर, रक्तदाब, थायरॉइड, बी-१२ बघून घ्या. ते मोठ्याने घोरत असतील आणि मध्येच श्वास अडखळत असेल तर तेही सांगा. झोपेतला श्वासाचा अडथळा या विकाराबरोबर पुष्कळदा आढळतो आणि तो तसाच राहिला तर कुठल्याही गोळीने झोप सुधारत नाही.

आणि कानाची तपासणी. ही मी तोफखान्यातल्या प्रत्येकाला करायला लावतो. वर्षानुवर्षं तोफेजवळ काम केलेल्यांच्या कानात सतत गुंई असा आवाज राहतो, बारीक आवाजातलं बोलणं ऐकू येत नाही. घरच्यांना वाटतं की हाक मारली तरी मुद्दाम ओ देत नाहीत. आणि त्या माणसाला वाटतं, घरचे आपल्याला टाळून कुजबुजतायत. रात्री शांतता झाली की कानातला आवाज आणखी वाढल्यासारखा वाटतो आणि झोप जाते. श्रवणयंत्र लावल्यावर घरातली निम्मी भांडणं थांबलेली मी पाहिली आहेत.

आता तुमचा मधला प्रश्न: बोलतं करावं का? नाही. माझ्या या उत्तरातलं एवढं एकच लक्षात ठेवलंत तरी चालेल. "अण्णा, तिथे काय झालं ते एकदा सांगून टाका, मन हलकं होईल," असं घरी बसवून विचारू नका. तयारी नसताना प्रसंग उकरून काढला की त्या रात्रीची झोप तर जातेच, पण माणूस पुढचे कित्येक महिने गप्प होतो. आघातानंतर सगळ्यांना एकदा बसवून सगळं वदवून घ्यायची पद्धत डॉक्टरांनीही पूर्वी वापरली होती. अभ्यासांत तिचा उपयोग दिसला नाही, म्हणून ती मागे पडली. ते आपणहून काही बोलले तर ऐका, मध्ये प्रश्न घालू नका, "विसरून जा" म्हणू नका. पण दरवाजा तिथून उघडू नका. दरवाजा झोपेचा आहे. "अण्णा, तुमची झोप होत नाही, तेवढ्यापुरतं डॉक्टरांना दाखवू," हे वाक्य फौजी माणूस मान्य करतो. त्यात वेड नाही, कमीपणा नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडेही पहिल्या भेटीत लढाईचा विषय निघायलाच हवा असं नसतं. माझ्याकडे कित्येकांनी पहिले काही महिने फक्त झोप, बीपी आणि गुडघे याबद्दलच बोललंय, आणि तेवढ्यातही घर शांत झालंय.

ते तयार का होत नाहीत याचं एक ठोस कारणही आहे. फौजेत वैद्यकीय वर्गवारी 'शेप' नावाने होते, आणि तिच्यातलं पहिलं अक्षर, एस, मनाच्या स्थितीचं असतं. त्यात खालची श्रेणी लागली की पोस्टिंग, प्रमोशन, हत्यार हाताळणं, सगळ्यावर परिणाम होतो. अख्खी नोकरी ज्याने "एस-वन", म्हणजे वरची श्रेणी, जपण्यात घालवली, तो पेन्शनवर आल्यावर लगेच मन उघडं करेल अशी अपेक्षा धरू नये. त्यांना स्पष्ट सांगा की आता कॅटेगरी लागत नाही.

दारूबद्दल भांडू नका, पण दुर्लक्षही करू नका. रम घेतली की पहिले दोन तास झोप लागते, स्वप्नं दबतात, म्हणून ती सुरू होते. उत्तररात्री तिचा अंमल उतरला की तीच स्वप्नं दुप्पट जोराने येतात. पण एक धोका नीट ऐका: रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एका दिवसात बंद करू नका. बाटल्या ओतून देणं, शपथ घालणं, माळ घालणं, यानंतर दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरून फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, आणि ते जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध देऊन सोडवावी लागते. झोपेच्या गोळीचंही तसंच. ती बहुधा अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामच्या जातीची असेल. या विकारात या गोळ्यांनी मूळ दुखणं बरं होत नाही, सवय मात्र लागते, आणि दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावण्याचा धोका असतो. दोन्ही एकत्र चालू आहे हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगा. गोळीही एकदम बंद करायची नाही, हळूहळू उतरवायची.

नेमके उपचार काय? औषधांमध्ये सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन यांचा आधार चांगला आहे. त्यांची सवय लागत नाही, पण गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात आणि नेमकं दुसऱ्या आठवड्यात लोक "काही फरक नाही" म्हणून सोडतात. बरं वाटल्यावरही साधारण वर्षभर चालू ठेवावी लागतात. यांनी काही पुरुषांच्या लैंगिक क्षमतेवर परिणाम होतो. ते बायकोलाही सांगत नाहीत, डॉक्टरलाही नाही, गुपचूप गोळी बंद करतात. त्यामुळे मी आधीच सांगून ठेवतो की असं झालं तर डोस किंवा औषध बदलता येतं. दुःस्वप्नांसाठी प्राझोसिन नावाचं, मुळात रक्तदाबाचं औषध काही जणांना देतो. २०१८ मध्ये आलेल्या एका मोठ्या चाचणीत त्याचा सरसकट फायदा दिसला नाही, तरी निवडक रुग्णांत मला उपयोग होताना दिसतो. ते सुरू असताना रात्री उठताना आधी पलंगावर बसायचं, मग उभं राहायचं, नाहीतर चक्कर येऊन पडायला होतं.

पण खरी भिस्त गोळ्यांवर ठेवू नका. आघातावर केंद्रित मानसोपचार जास्त टिकाऊ असतात. प्रोलॉन्ग्ड एक्सपोजर, कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, ईएमडीआर अशी त्यांची नावं आहेत. साधारण दर आठवड्याला एक बैठक, आठ ते पंधरा बैठका. आठवण पुसली जात नाही. ती आठवण आली तरी शरीराने प्रत्येक वेळी मोर्चा बांधायचा नाही, हे शरीर हळूहळू शिकतं. इथे प्रसंग बोलला जातो, पण तयारी करून, प्रशिक्षित माणसासमोर आणि रुग्णाच्या वेगाने. घरच्यांनी तो ऐकण्याची गरज नसते. थेरपिस्ट निवडताना सरळ विचारा की यापैकी कशाचं प्रशिक्षण घेतलंय.

नाशिकमध्ये राहण्याची एक वेगळी अडचण आहे, ती बाहेरच्या डॉक्टरला कळणार नाही. देवळालीच्या रेंजवर तोफखान्याचा सराव चालतो आणि वाऱ्याची दिशा असली तर धमाके आजूबाजूच्या गावांत ऐकू येतात. द्राक्षाच्या आणि मक्याच्या हंगामात पाखरं उडवायला शेतात फटाके आणि कार्बाइडच्या नळ्या वाजतात. लग्नसराईत बार, गणपतीत डीजे. अण्णा शेतावर शांततेसाठी गेले असतील आणि शेजारच्या बागेत बार वाजला असेल, तर तिथेही सुटका नाही. आवाज बंद करणं आपल्या हातात नाही, पण आवाज होणार हे आधी कळलं तर त्याची धार कमी होते. शेजारच्या शेतकऱ्याला सांगून ठेवा, वेळ विचारून घ्या. दिवाळीत दोन दिवस शेतावर गेले तर जाऊ द्या, त्यात काही बिघडत नाही. पण आधी दिवाळी, मग लग्नं, मग बाजार, मग अंगण, असं वर्तुळ लहान होत गेलं तर ते थांबवायला हवं. सुरुवात सोपी ठेवा: लग्नाला जायचं, पण वरातीला नाही, जेवणाच्या वेळी, दाराजवळच्या खुर्चीवर, अर्धा तास. पुढच्या वेळी एक तास.

झोपेत ते ओरडत असतील तर जवळ जाऊन हलवून उठवू नका. पायथ्याशी उभं राहून, दिवा लावून, नाव घेऊन हाक मारा. आईला हे आवर्जून सांगा. दचकून उठलेल्या माणसाचा फटका तिला बसू शकतो आणि मग ते स्वतःला आणखी दोष देतात. रात्रीच्या फेऱ्यांची टिंगल करू नका. झोपायच्या आधी एकदा दोघांनी मिळून कुलूप-कडी बघायची आणि "सगळं ठीक" म्हणायचं, मग सकाळपर्यंत परत नाही, असा करार चालतो. फौजी माणूस दिनक्रमावर उभा राहतो, तेव्हा पहाटेचं फिरणं, बागेचं काम, शाळेतल्या मुलांची कवायत, काहीतरी ठरलेल्या वेळेचं काम लावून द्या. आणि आईचीही तब्येत बघा. नवरा सीमेवर असताना तिने एकटीने घर चालवलंय, आता त्याच घरात रात्रभर जागतेय. तिला "बाहेरचं" वाटतं तर तिच्याशी वाद घालू नका. वणीच्या गडावर जायचंय तर जा, अण्णांनाही न्या. अट एकच: गोळी आणि डॉक्टरची तारीख चुकायची नाही, आणि धूर, मार, उपास असलं काही कोणाकडून करून घ्यायचं नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण मला विचारायचीच आहे. बँकेत गार्ड होते म्हणजे परवान्याची बंदूक घरात आहे का? असेल तर ती आज घराबाहेर काढा. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे रीतसर जमा करता येते. "तुमच्यावर विश्वास नाही" असं म्हणू नका, "नातू हिंडायला लागलाय" हे कारण खरंही आहे. शेतीची औषधं घरात नको, कुलपात, आणि किल्ली दुसऱ्याकडे. मग त्यांना सरळ विचारा: "अण्णा, जगू नये असं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बऱ्याचजणांना कोणीतरी विचारलं याने सुटल्यासारखं होतं. उत्तर होय असेल, किंवा ते निरवानिरवीची भाषा बोलू लागले असतील, तर त्यांना एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

कुठे न्यायचं? अण्णांचं ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असेलच. पॉलिक्लिनिकमध्ये जाऊन झोप आणि चिडचिडीची तक्रार सांगा आणि मानसोपचाराचं रेफरल मागा. तिथून देवळालीच्या मिलिटरी हॉस्पिटलला किंवा पॅनेलवरच्या रुग्णालयात पाठवतात, गरज पडली तर पुण्याच्या कमांड हॉस्पिटललाही. कार्डाचं काम अडलं असेल तर थांबू नका, नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फोन मोफत, मराठीतून बोलता येतं. सैन्यदलांसाठी या सेवेचा वेगळा कक्ष १ डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आहे. अण्णा फोन करणार नाहीत, तर तुम्ही करा. घरच्यांसाठीही तो आहे.

पेन्शनचं शेवटचं. अण्णांनी आज मानसोपचार घेतले म्हणून त्यांची सेवा पेन्शन थांबत नाही, कमी होत नाही. ती त्यांनी नोकरी करून मिळवलेली आहे. दिव्यांगता पेन्शनचा अर्ज हा वेगळा विषय आहे. सर्वोच्च न्यायालयाने धर्मवीर सिंग प्रकरणात २०१३ मध्ये म्हटलंय की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल आणि तो सेवेत असताना उद्भवून माणूस वैद्यकीय कारणाने बाहेर पडला असेल, तर तो सेवेमुळेच झाला असं आधी गृहीत धरायचं, आणि तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर. अण्णा मात्र पूर्ण नोकरी करून आलेत, त्यामुळे त्यांचा दावा त्यापेक्षा अवघड आहे, आणि इतक्या वर्षांनी तो कितपत टिकेल हे सैन्यदल न्यायाधिकरणात काम करणाऱ्या वकिलाला कागद दाखवूनच ठरेल. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आधी विचारा. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), सेवेत असताना कुठल्याही मिलिटरी हॉस्पिटलमध्ये भरती झाल्याच्या चिठ्ठ्या, कानाच्या तपासण्या आणि आता सुरू होणाऱ्या उपचारांचे कागद एका फाइलमध्ये लावत चला. पण दाव्याचं काय होतंय यासाठी उपचार थांबवू नका, रेफरलसाठी या आठवड्यातच जा.